मोशन ग्राफिक्स डिझायनर : कौशल्य आणि विवेक

मंदिराच्या सभामंडपात अथवा पाठशाळेच्या भिंतीवर षड्लेश्येचे चित्र न पाहिलेला जैन विरळाच. अरण्यात वाट चुकलेले सहा भुकेले पथिक, समोर फळांनी वाकलेला वृक्ष आणि त्या सहांच्या मनांत उमटलेले सहा विचार. पहिल्याला वृक्ष मुळासकट उपटावासा वाटतो, दुसऱ्याला तो बुंध्यापासून तोडावासा वाटतो, तिसऱ्याला मोठ्या फांद्या हव्या असतात, चौथ्याला लहान डहाळ्या. पाचवा केवळ फळे तोडून घेऊ म्हणतो आणि सहावा जमिनीवर आपोआप पडलेली फळे वेचण्यात समाधान मानतो. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल या सहा लेश्या समजावून देण्यासाठी आचार्य नेमिचंद्रांनी 'गोम्मटसार' ग्रंथात हाच दृष्टान्त योजला आहे. चित्रकारांनी तो भिंतीवर आणला आणि अक्षरओळख नसलेल्या श्रावकापर्यंतही तत्त्वज्ञान पोहोचले.

समजा, एखाद्या पाठशाळेने आज ठरवले की हेच चित्र मुलांसाठी एका मिनिटाच्या चलत्‌चित्रात आणावयाचे. हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला व्यवसायाच्या भाषेत 'मोशन ग्राफिक्स डिझायनर' म्हणतात. अनेक घरांतील तरुण-तरुणी या क्षेत्राकडे वळत आहेत आणि त्यांच्या पालकांच्या मनात दोन टोकांच्या भावना आहेत. 'संगणकावर चित्रे हलवणे हा काय धंदा झाला?' असे काही जण म्हणतात. काही जण जाहिरातीला भुलून एखाद्या क्लासची मोठी फी भरून मोकळे होतात. दोघांनाही या कामाचे खरे स्वरूप ठाऊक नसते. ते नीट समजून घेतले, तर निर्णय भीतीने किंवा मोहाने न होता विचाराने होईल.

हे काम नेमके कोणते?

ग्राफिक डिझायनर अक्षरे, आकृती आणि रंग यांची स्थिर मांडणी करतो. पुस्तकाचे मुखपृष्ठ, दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका ही त्याची कामे. अ‍ॅनिमेशन कलाकार पात्रांना चालते-बोलते करून कथा सांगतो. व्हिडिओ संपादक चित्रित केलेले तुकडे जोडतो. मोशन ग्राफिक्स डिझायनर या तिघांच्या सीमेवर उभा असतो. अक्षरे, आकडे, नकाशे, आलेख, बोधचिन्हे आणि साध्या आकृती यांना गती देऊन तो एखादी गोष्ट समजावून सांगतो. समजावणे हा त्याच्या कामाचा मुख्य हेतू असतो आणि करमणूक त्या हेतूच्या मागून येते.

त्याचे काम दिवसभरात अनेकदा डोळ्यांसमोरून जाते, परंतु त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वृत्तवाहिनीवर मतमोजणीच्या दिवशी सरकणारे आकडे, क्रिकेटच्या सामन्यातील धावफलक, चित्रपटाची श्रेयनामावली, विम्याची योजना समजावणारी दोन मिनिटांची फीत, मोबाइलवरून पैसे पाठवल्यावर उमटणारी हिरवी खूण, हे सारे याच व्यवसायात मोडते. ती हिरवी खूण अर्धा सेकंद उशिरा उमटली तर ग्राहक धास्तावतो, आणि पैसे पोहोचण्यापूर्वीच उमटली तर त्याची फसगत होते. एवढ्या लहानशा चिन्हामागेही कोणीतरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

साधने बदलली, निर्णय राहिले

हा व्यवसाय संगणकाने जन्माला घातला, हा समज खरा नाही. अमेरिकेत सॉल बास या डिझायनरने १९५५ साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या चित्रपटाची श्रेयनामावली केली. काळ्या पार्श्वभूमीवर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या आणि शेवटी त्यांतून घडणारा एक वाकडातिकडा हात, एवढेच त्यात आहे. पण चित्रपट व्यसनाधीन माणसाच्या यातनेचा आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या दोन मिनिटांत जाणवते. जॉन व्हिटनी या दुसऱ्या कलावंताने महायुद्धातून निकामी झालेल्या विमानवेधी तोफांची नेमयंत्रे मिळवून त्यांच्या साहाय्याने फिरत्या आकृती चित्रित केल्या आणि १९६० मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिचे नावच 'मोशन ग्राफिक्स' होते.

भारतातील उदाहरण तर प्रत्येक प्रौढ वाचकाच्या स्मरणात असेल. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि पडद्यावर दोन वक्र आकृती फिरत फिरत येऊन मधल्या वर्तुळाभोवती स्थिरावू लागल्या. त्यांतून डोळ्यासारखे बोधचिन्ह तयार होई. त्याचा आराखडा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांचा होता, आणि त्याला गती दिली त्याच संस्थेतील आर. एल. मिस्त्री यांनी. संगणक हाताशी नसताना, आकृतीच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून हे काम झाले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९७४ मध्ये, फिल्म्स डिव्हिजनने 'एक अनेक और एकता' हा लघुपट काढला होता. विजया मुळे यांच्या या लघुपटाचे अ‍ॅनिमेशन भीमसेन यांनी केले. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांवरून एकीचे बळ मुलांना उमगले आणि आज पन्नाशीत असलेल्या पिढीला तो अजूनही आठवतो.

पुढे १९९३ मध्ये 'आफ्टर इफेक्ट्स' ही संगणकीय आज्ञावली बाजारात आली. दुसऱ्या वर्षी ती अ‍ॅडोबी कंपनीकडे गेली आणि या व्यवसायाचे मुख्य हत्यार ठरली. तोफेची यंत्रे गेली, कॅमेऱ्याखालच्या प्रती गेल्या. उद्या कदाचित ही आज्ञावलीही जाईल. काय दाखवायचे, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ, हे तीन प्रश्न मात्र १९५५ पासून तेच आहेत. त्यांची उत्तरे देण्याची क्षमता हेच या व्यावसायिकाचे खरे भांडवल होय.

एका मिनिटाचा हिशेब

आता षड्लेश्येच्या चित्राकडे वळू. भिंतीवरील चित्रात सहाही पथिक एकाच वेळी दिसतात. पाहणारा कोठूनही सुरुवात करतो, हवा तेवढा वेळ थांबतो, मागे जातो. चलत्‌चित्रात ही मोकळीक प्रेक्षकाकडून काढून घेतली जाते आणि डिझायनरच्या हाती येते.

भारतीय दूरचित्रवाणीत एका सेकंदाला २५ चौकटी असतात. म्हणजे एका मिनिटात १,५०० स्थिर चित्रे. हा आकडा मोठा वाटतो, परंतु प्रत्यक्षात मिनिट फार लहान असते. सहा पथिकांना प्रत्येकी १० सेकंद दिले, तर आरंभाला आणि समारोपाला काहीच उरत नाही. म्हणून अंदाजपत्रक करावे लागते : वन, भूक आणि वृक्ष यांची ओळख ८ सेकंदांत, सहा पथिकांना प्रत्येकी ७ प्रमाणे ४२, आणि शेवटी अर्थ मनात उतरावा यासाठी १० सेकंद. बेरीज ६०. सात सेकंदांत निवेदकाला स्पष्ट मराठीत पंधरा-सोळा शब्दच बोलता येतात. त्यामुळे संहितेतील अनावश्यक शब्द काढावे लागतात. हे काम संगणक उघडण्यापूर्वीचे, वही-पेन्सिलीचे आहे.

संहिता ठरल्यावर प्रत्येक प्रसंगाचे लहान कच्चे चित्र काढून ती ओळीने मांडतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. मग दोन-तीन चौकटी अंतिम रंगरूपात तयार करून काम देणाऱ्याला दाखवतात. त्याची संमती मिळाली की कच्ची चित्रे निवेदनाच्या ध्वनीवर बसवून वेळेचा अंदाज घेतात. या कच्च्या फितीला अ‍ॅनिमॅटिक असे नाव आहे. प्रत्यक्ष हालचाल भरण्याचे काम त्यानंतर सुरू होते. घर बांधताना नकाशा, मंजुरी आणि आखणी यांनंतर पाया खणतात, तसाच हा क्रम आहे. नवशिके उमेदवार हा क्रम टाळून थेट संगणकावर बसतात आणि चौथ्या दिवशी सारे मोडून पुन्हा सुरुवात करतात.

या प्रसंगात खरी परीक्षा पुढेच आहे. पहिल्या पथिकाच्या वेळी वृक्ष कोसळताना दाखवावा काय? दृश्य म्हणून ते आकर्षक आहे. कुऱ्हाड पडते, पाने उडतात, मोठा आवाज होतो. पण दृष्टान्तातील वृक्ष कोणी तोडलेलाच नाही. सहाही जण केवळ मनात विचार करतात आणि बोलतात. लेश्या म्हणजे आत्म्याचे परिणाम, भावांची छटा. वृक्ष पडताना दाखवला तर मुलांच्या मनात 'वाईट कृती आणि चांगली कृती' एवढेच उरेल आणि भावांचा मूळ सिद्धान्त हरवेल. ज्याला हे समजले आहे, तो डिझायनर वृक्ष अखंड ठेवील आणि पथिकाच्या मनातील तोड फक्त एका पुसट रेषेने सुचवील. पहिल्याची रेषा मुळाशी, दुसऱ्याची बुंध्याशी, अशी ती वर सरकत जाईल. पार्श्वभूमीचा रंग काळ्याकडून शुभ्राकडे हळूहळू उजळेल. आणि सहाव्या पथिकाच्या वेळी रेषाच उरणार नाही. त्या क्षणी पडद्यावर काहीही न हलणे हीच सर्वांत परिणामकारक हालचाल ठरेल.

हा निर्णय कोणत्याही आज्ञावलीच्या यादीत सापडत नाही. विषय समजून घेतला तरच तो सुचतो. म्हणूनच या व्यवसायातील पहिले कौशल्य वाचन आणि आकलन हे आहे. विम्याची योजना असो, औषधाची माहिती असो वा धर्माचा दृष्टान्त असो, ज्याला विषय कळला नाही त्याने हलवलेले चित्र सुंदर असूनही चुकीचे असू शकते.

कौशल्यांची यादी

दुसरे कौशल्य रेखाटन आणि मांडणीचे. उत्तम चित्रकार असणे आवश्यक नाही. मनातील कल्पना चार रेषांत कागदावर उतरवता आली पाहिजे. कोणत्या गोष्टीकडे दृष्टी प्रथम जाईल, कोठे मोकळी जागा सोडावी, कोणते दोन रंग एकमेकांशेजारी ठेवल्यास अक्षर वाचता येणार नाही, याची जाण सरावाने येते.

तिसरे कौशल्य गतीचे. निसर्गातील कोणतीही वस्तू एकदम पूर्ण वेगाने सुटत नाही आणि एकदम थांबतही नाही. एसटी थांब्यावरून निघते तेव्हा हळूहळू वेग घेते आणि पुढच्या थांब्याजवळ येताना तो हळूहळू कमी करते. पडद्यावरील अक्षर याच नियमाने आले तर डोळ्याला सुखावते, अन्यथा ते यांत्रिक वाटते. डिझायनर हालचालीच्या आरंभाची आणि अंताची स्थिती ठरवतो, त्यांना कीफ्रेम म्हणतात. मधल्या चौकटी संगणक भरतो. मात्र तो वेग कसा वाढावा आणि कसा उतरावा, याची वक्ररेषा डिझायनरलाच आखावी लागते. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या कलावंतांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या ग्रंथात अशी बारा तत्त्वे सांगितली आहेत. आजही प्रत्येक चांगल्या संस्थेत त्यांपासूनच आरंभ होतो.

चौथे कौशल्य अक्षरांचे, आणि मराठीत काम करणाऱ्यासाठी ते विशेष महत्त्वाचे आहे. रोमन अक्षरे सुटी असतात. एकेक अक्षर उडत आले तरी बिघडत नाही. देवनागरीत शिरोरेषा शब्दाला बांधून ठेवते, वेलांटी अक्षराच्या आधी बसते, रफार डोक्यावर जातो आणि जोडाक्षरात दोन वर्ण एकरूप होतात. 'मिच्छामि दुक्कडम्' या शब्दांतील 'च्छ' आणि 'क्क' सुटे करून नाचवले, तर क्षमापनेच्या संदेशाचे विडंबन होते. 'उत्तम क्षमा' मधील 'क्ष' तुटला तरी तसेच. अनेक आज्ञावलींत भारतीय लिपींसाठीची मजकूर-व्यवस्था मुद्दाम निवडावी लागते. ती न निवडल्यास वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. जाणकार डिझायनर देवनागरीत अक्षराऐवजी संपूर्ण शब्दाला गती देतो किंवा शिरोरेषा प्रथम रेखून तिच्याखाली शब्द उमटवतो. शुद्धलेखन येणारा आणि लिपीचा स्वभाव ओळखणारा मराठी डिझायनर आजही सहज मिळत नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांनी ही आपली उणीव न मानता आपले बळ मानावे.

पाचवे कौशल्य ध्वनीचे आणि सहावे शिस्तीचे. एकाच कामाच्या दूरचित्रवाणीसाठी आडव्या, मोबाइलसाठी उभ्या आणि समाजमाध्यमांसाठी चौरस अशा प्रती द्याव्या लागतात. शेकडो फायलींना नीट नावे देणे, दोन ठिकाणी जपून ठेवणे आणि सहा महिन्यांनी मागणी आल्यास पाच मिनिटांत काढून देणे, हे पेढीवरील खतावणीइतकेच काटेकोर काम आहे. व्यापारी घरात वाढलेल्या मुलांना ही शिस्त उपजतच मिळालेली असते.

संगणकीय आज्ञावलींचा क्रम या सर्वांनंतर येतो. चित्रांसाठी फोटोशॉप व इलस्ट्रेटर, गतीसाठी आफ्टर इफेक्ट्स, त्रिमितीसाठी सिनेमा फोरडी अथवा ब्लेंडर ही नेहमीची साधने होत. त्यांपैकी ब्लेंडर पूर्णपणे विनामूल्य आहे आणि संपादनासाठी दाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्तीही विनामूल्य मिळते. शिकण्याच्या आरंभी खर्च नसल्यातच जमा आहे.

सत्याची कसोटी

या व्यवसायात प्रामाणिकपणा हा शोभेचा गुण नसून कौशल्याचा भाग आहे. पुस्तकाचा वाचक थांबतो, मागचे पान उलटतो, शंका घेतो. दूरचित्रवाणीवरील जाहिरात पाहणाऱ्याला ती संधी नसते.

एक साधे उदाहरण घ्यावे. एखाद्या संस्थेची उलाढाल १०० कोटींवरून १०४ कोटींवर गेली. आलेखाचा पाया शून्यावर ठेवला तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसतात. पाया ९८ वर ठेवला तर पहिला स्तंभ २ एककांचा आणि दुसरा ६ एककांचा होतो. वाढ चार टक्के असूनही डोळ्यांना ती तिप्पट दिसते. त्यात दुसरा स्तंभ ढोल-ताशांच्या आवाजात झपकन वर चढवला, की ठेवीदाराचे मन जिंकलेच. एकही आकडा खोटा नाही, तरीही दाखवलेले चित्र असत्य आहे.

म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी धोक्याची जी सूचना येते, ती इंग्रजीत चौदा शब्दांची आहे. एके काळी निवेदक ती इतक्या घाईने म्हणत की ऐकणाऱ्याला शब्दच कळत नसत. त्यामुळे सेबीला ही सूचना किमान किती सेकंद चालावी हेही ठरवून द्यावे लागले आणि पूर्वीची पाच सेकंदांची अपेक्षा पुढे दहा सेकंदांवर न्यावी लागली. काही सेकंदांच्या घाईत सामान्य माणसाची बचत धोक्यात येऊ शकते, हेच यावरून दिसते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'कूटलेखक्रिया' सांगितली आहे. खोटा दस्तऐवज तयार करणे असा तिचा अर्थ. फसवा आलेख हा तिचाच आजचा अवतार म्हणावा लागेल. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोरीचा माल घेणे, येते. दुसऱ्याचे संगीत, छायाचित्र किंवा टंक परवान्याविना वापरणे, चोरून मिळवलेली आज्ञावली संगणकात भरणे, या गोष्टी क्षेत्रात सर्रास चालतात आणि 'सगळेच करतात' असे त्यांचे समर्थन होते. व्यावहारिक तोटाही आहेच. मोठ्या कंपन्या काम देताना परवान्यांची लेखी हमी मागतात आणि ती देता न आल्यास काम हातचे जाते.

उपजीविका आणि नवी यंत्रे

नोकरीच्या संधी जाहिरात संस्था, वृत्तवाहिन्या, अ‍ॅप तयार करणाऱ्या कंपन्या, शैक्षणिक साहित्य निर्माण करणारे उद्योग आणि मोठ्या कंपन्यांचे प्रसिद्धी विभाग यांत असतात. पुष्कळ जण स्वतंत्रपणे काम करतात आणि घरबसल्या परदेशातील कामेही घेतात. स्वतंत्र व्यवसायात उत्पन्न दरमहा सारखे नसते. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी बाजूला ठेवूनच नोकरी सोडावी. काम घेताना चार गोष्टी कागदावर असाव्यात : कामाची व्याप्ती, किती वेळा बदल करून दिले जातील, आगाऊ रक्कम किती, आणि मूळ फायली व हक्क कोणाकडे राहतील. बहुतेक वाद 'थोडासाच बदल' या दोन शब्दांतून निर्माण होतात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपलीकडे गेल्यास महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी करावी लागते, हेही ध्यानात असावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा व्यवसाय बुडेल काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. चित्रातील माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा करणे, ठरावीक साच्याच्या हालचाली भरणे, निवेदनाचा कच्चा आवाज तयार करणे ही कामे यंत्र आता झटपट करते. फक्त तेवढेच येणाऱ्याचे भवितव्य खरोखर कठीण आहे. परंतु यंत्राला 'षड्लेश्येचे चलत्‌चित्र कर' म्हटले, तर ते कुऱ्हाडीचे रोमहर्षक दृश्य आनंदाने करून देईल. ते चुकीचे आहे हे ओळखणारा, त्याची जबाबदारी घेणारा आणि काम देणाऱ्याला कारण समजावून सांगणारा माणूस तेव्हाही लागेल.

पालकांसाठी

मुलाचा कल खरा आहे की वरवरचा, हे फी भरण्यापूर्वी घरीच पडताळता येते. त्याला तीन महिने द्यावेत. विनामूल्य साधनांवर त्याने तीस-तीस सेकंदांच्या तीन फिती कराव्यात : दुकानातील एखाद्या वस्तूची माहिती, बँकेच्या एखाद्या व्यवहाराची पद्धत आणि एखादी बोधकथा. त्या आजीला एकदाच दाखवाव्यात आणि काय समजले ते तिने आपल्या शब्दांत सांगावे. आजीचे उत्तर आणि मुलाचा हेतू जुळला, तर मुलात या कामाची पात्रता आहे. उत्तर जुळले नाही आणि मुलगा रागावण्याऐवजी पुन्हा करून आणतो, तरीही आहे.

औपचारिक शिक्षणासाठी अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि मुंबई आयआयटीचे १९६९ पासून कार्यरत असलेले आयडीसी हे केंद्र अग्रगण्य आहेत. संगणकावरील परिचित 'मंगल' हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी याच केंद्रात अध्यापन करीत. पदवीच्या प्रवेशासाठी अनुक्रमे डॅट आणि यूसीड या परीक्षा असतात आणि वाणिज्य शाखेतील विद्यार्थीही त्या देऊ शकतात, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेतील शिक्षणाचाही पाया भक्कम आहे. खासगी क्लास निवडताना माहितीपत्रकातील संगणकांची संख्या पाहू नये; तेथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचे काम पाहावे. सर्वांच्या फिती एकाच साच्याच्या दिसल्या, तर तेथे फक्त बटणे शिकवली जातात असे समजावे. संपूर्ण फी एकरकमी मागणाऱ्यापासून सावध राहावे आणि कर्ज काढून आरंभ तर मुळीच करू नये.

शेवटी समाजातील संस्थांविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. महावीर जन्मकल्याणकाच्या आदल्या रात्री एखाद्या होतकरू मुलाला निरोप जातो : 'उद्या सकाळपर्यंत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ हवा, वीस देणगीदारांचे फोटो त्यात आले पाहिजेत. घरचाच मुलगा आहेस, पैशांचे काय?' तीस सेकंदांत वीस फोटो म्हणजे प्रत्येकाला दीड सेकंद. तेवढ्यात नाव वाचून होत नाही आणि चेहराही ओळखू येत नाही. मुलगा रात्रभर जागतो, देणगीदार नाराज होतात आणि घरचे म्हणतात, 'या कामाला किंमत नाही, हे आम्ही सांगतच होतो.'

ती किंमत संस्थेनेच नाकारलेली असते. मंडप घालणाऱ्याला, स्वयंपाक करणाऱ्याला आणि पत्रिका छापणाऱ्याला संस्था मोबदला देते. या मुलालाही द्यावा. पंधरा दिवस आधी काम सांगावे, कच्चे चित्र पाहून संमती द्यावी, आणि 'वीस फोटो बसणार नाहीत, नावांची एक शांत यादी करू' असे तो म्हणाला तर त्याचे ऐकावे. त्याला सेवा म्हणूनच काम करावयाचे असेल, तर मोबदला हाती घेऊन तो संस्थेला दान करील. तो निर्णय त्याचा असावा, संस्थेचा नव्हे.